परतीची गाडी नसलेलं बेट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते घरातल्या कॅरीबॅगांसारखे असतात. एक दिवस गादी उचलावी, तर खाली ही रास! गेल्या दिवाळीच्या सुट्टीसाठी आमच्या घरानं बेट निवडायला घेतलं आणि चार-पाच महिन्यांत एवढे किस्से साठले, की शाळेच्या स्टाफरूममध्ये मी डबा उघडला की आजही कोणी भाजी विचारत नाही. "वैशाली, आबा काय म्हणाले?" एवढंच विचारतात.

आबा म्हणजे माझे सासरे. उमरखेडला एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. हे आम्हाला माहीत आहे, डेपोला माहीत आहे, फक्त आबांना अजून कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. सकाळी सव्वापाचला उठतात, दाढी करतात आणि "जरा गाड्या पाहून येतो" म्हणून स्टँडवर जातात. दुपारी जेवायला येतात, चार वाजता परत जातात. गावातली माणसं चौकशीच्या खिडकीवर न जाता आबांना फोन करतात. "आबा, नांदेड किती वाजता?" आबा घास न गिळता वेळ सांगतात, वर गाडीत कुठल्या बाजूला ऊन लागेल तेही सांगतात.

बसणं त्यांना जमत नाही. बत्तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहिलेला माणूस! खुर्ची दिली तर ते खुर्चीची पाठ धरून उभे राहतात.

आणि त्यांची ती बेल. ज्यांना एसटीचा सराव नाही त्यांच्यासाठी सांगते. कंडक्टरनं दोरी ओढून एक बेल मारली की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची. दोन मारल्या, म्हणजे डबल बेल दिली, की गाडी सोडायची. यापुढे कोणाचं काही चालत नाही. आता आबांच्या हाताशी दोरी नाही, पण बोटात जाड अंगठी आहे. निघायची वेळ झाली, म्हणजे आबांच्या मते झाली, की ती अंगठी समोर असेल त्यावर दोनदा वाजते. ताटावर, पेल्यावर, खिडकीच्या गजावर. टिंग टिंग! की आम्ही सगळे उभे!

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, घरात काहीतरी पेटलं. आता माझेही पाय आपोआप चपला शोधतात. पंगतीत माझ्या हातात जिलेबी असते आणि मी उभी असते. चहा कढत पिते, कारण पूर्ण प्यायला मिळेल याची खात्री नसते. आमच्या घरातली सगळीच माणसं बसल्या जागी अर्धी उठलेली असतात.

*

डबल बेलचा सगळ्यात जुना किस्सा माझ्या नणंदेच्या, छायाताईंच्या लग्नातला. मी तेव्हा या घरात नव्हते, पण इतक्यांदा ऐकलाय की त्या मांडवातला उकाडासुद्धा मला आठवतो.

लग्न लागलं, जेवणं झाली. नवरदेवाकडची मंडळी आर्णीहून एसटीची गाडी ठरवून आली होती. सगळं वऱ्हाड गाडीत बसलं. नवरदेवही बसला, कारण त्याला कोणीतरी सांगितलं की खिडकीची जागा धरून ठेव. खाली छायाताई आईच्या गळ्यात पडून रडत होत्या. आबा गाडीच्या दाराशी उभे. लेकीचं रडणं त्यांना पाहवेना, काय बोलावं सुचेना, आणि अशा वेळी हाताला जे येतं तेच त्यांनी केलं. गाडीच्या पत्र्यावर अंगठी दोनदा पडली.

टिंग टिंग!

ड्रायव्हर शेवटी एसटीतलाच. त्यानं गिअर टाकला आणि वऱ्हाड निघालं! नवरी खालीच! नवरदेव अर्धा खिडकीबाहेर येऊन ओरडत होता, आणि लोकांना वाटत होतं तो टाटा करतोय.

चौकातून गाडी वळवून आणली. सगळे ड्रायव्हरला बोलायला लागले, तर तो उलटा चिडला.

"मले काय म्हनता? डबल बेल झाल्यावर गाडी उभी ठेवू का?"

*

तर बेट. बेटाची कल्पना ना माझी, ना प्रमोदची, ना आमच्या अकरावीतल्या श्रुतीची. प्रमोद माझा नवरा. त्याचं मेडिकलचं दुकान आहे आणि दुकान बंद ठेवायचं म्हटलं की त्यालाच गोळी घ्यावी लागते. कल्पना होती आईंची, माझ्या सासूबाईंची!

आईंनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतलेली मी अठरा वर्षांत पाहिली नाही. त्या आई एका रविवारी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "या दिवाळीले आपन बेटावर जाऊ."

प्रमोदनं पेपर खाली ठेवला. "कुठं?"

"बेटावर. समुद्रातल्या. सगळे जाऊ. वीस दिवस. वैशालीले सुट्टी असते न तेवढी?"

श्रुती मोबाइल टाकून आजीच्या गळ्यातच पडली. आबा दाराची चौकट धरून उभे होते. त्यांनी बेट आणि वीस दिवस एवढंच ऐकलं. आमच्याकडे बांबूच्या दाट जाळीलाही बेटच म्हणतात, आणि तसलं एक नाल्याच्या काठावर आहेही.

"बेटावर कायले जाता? साप असतात तिथं. अन् वीस दिवस काय करान? अर्ध्या घंट्यात पाहून होते!"

"आबा, आयलंड! आयलंड!" श्रुती ओरडली.

"मंग सरळ मराठीत सांग न." आबा म्हणाले. मग क्षणभर विचार करून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पुढे सगळे महिने आमच्या डोक्यावर वाजत राहिला.

"परतीची गाडी किती वाजता?"

*

यवतमाळच्या एक अर्चना मॅडम टूर काढतात. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक बेट दाखवायला घेतलं. बाली दाखवलं. देवळं, भातशेती, झुले, सगळं. श्रुती वेडी व्हायची बाकी होती. आईंनी शांतपणे विचारलं, "हे केवढं हाय? या टोकाहून त्या टोकाले किती वेळ लागते?"

"गाडीनं अर्धा दिवस तरी धरा काकू."

"नको."

मॉरिशस दाखवलं. "हे केवढं हाय?" मॅडमनी सांगितलं. "नको."

मॅडमना वाटलं, काकूंचे गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, सगळीकडे गाडी दाराशी येते, एक पाऊल चालावं लागणार नाही. हे ऐकून तर आईंचा चेहरा आणखीच पडला.

"दाराशी गाडी येते? मंग तं मुळीच नको."

मालदीवची बेटं लहान आहेत म्हणून आईंना आवडली. पण तिथं पासपोर्ट लागतो आणि आबा फोटो काढायला स्टुडिओत स्टुलावर बसेनात. फोटोग्राफरनं "हलू नका" म्हटलं की हे हमखास दाराकडे वळून बघणार. तीन फोटो काढले. तिन्हींत डावा कान स्पष्ट आला.

*

श्रीलंकेवरून तर मोहल्ल्यात दोन पार्ट्या पडल्या.

आम्ही बौद्ध. बेटावर जायचं आहे हे कळल्यावर विहारातल्या बायकांनी परस्पर ठरवूनच टाकलं. दुसरीकडे जायचं कारणच काय? अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहा, दर्शन घ्या, आमच्यासाठी एक पान घेऊन या! आईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "जाईन. एकडाव नक्की जाईन. पन यावेळेस नाई. लई मोठं हाय ते."

बायका नाराज झाल्या. एवढ्या पवित्र जागेला कोणी मोठं आहे म्हणून नाही म्हणतं का?

खूश झाल्या त्या फक्त शेजारच्या नंदाकाकू. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "बरं केलं बाई! लंकेत कायले जाता? मागं एका बाईले तिथून परत आनाले केवढा कुटाना झाला!"

*

ऑगस्टमध्ये मी म्हटलं, रंगीत तालीम घेऊ. आबा कितीसे बसतात ते तरी कळेल. एका रविवारी सगळे सहस्रकुंडला गेलो. पैनगंगा दुथडी भरलेली, धबधबा असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आईंनी सतरंजी अंथरली, धपाटे काढले, ठेचा काढला. आबांना मध्ये बसवलं, एका बाजूला प्रमोद आणि दुसऱ्या बाजूला श्रुती, म्हणजे उठायला वाटच नाही. मी मोबाइलवर वेळ लावली.

अकराव्या मिनिटाला डब्याच्या झाकणावर अंगठी वाजली. टिंग टिंग!

माझा धपाटा हातात, घास तोंडात, आणि मी उभी! चिडून म्हटलं, "आबा, अजून नीट पाहिलंही नाही!"

"काय पाहाचं राह्यलं? पानी वरून पडून राह्यलं. अजून घंटाभर बसलो तरी तेच पडन."

सतरंजी गुंडाळली. जाताना आई मागे वळून वळून पाण्याकडे बघत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात आईंवरच चिडले. सरळ म्हटलं, आई, जो माणूस अकरा मिनिटं बसत नाही त्याला घेऊन वीस दिवस बेटावर काय करायचं? काहून हट्ट धरता?

आई पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"म्हनूनच तं बेट पाह्यजे. यायले कुठंही न्या, हे स्टँड शोधतात. छायाकडे गेलतो नागपूरले, तं सकाळी उठून स्टँडवर. तुह्या भावाच्या लग्नाले राळेगावले गेलतो, तं लग्न लागाच्या वेळेस स्टँडवर. बेट कसं, चारी बाजूनं पानी. जाऊन जाऊन जातीन कुठं? पन लहान पाह्यजे, वैशाली. मोठ्या बेटावर यस्ट्या असतात."

मी हसायला लागले. मोठं हाय, नको, याचा अर्थ मला तेव्हा कळला! बाली, मॉरिशस, श्रीलंका, सगळे एवढ्याशा कारणावरून कटले होते!

आई हसल्या नाहीत. "बेचायीस वर्सं झाले लग्नाले. त्यातले बत्तीस ड्युटी. घरी आले का झोपले, उठले का गेले. रिटायर झाले तवा मले वाटलं, आता बसतीन. पन हे माह्याजवळ बसून एक कप चहा पुरा प्यायले, असं मले आठवत नाई. मले जास्त काही नाई पाह्यजे. एकडाव यायच्याजवळ बसाचं हाय, सूर्य बुडेपर्यंत. मधात उठाचं नाई. बस."

मी म्हटलं, "मग तुम्ही त्यांना थांबा म्हणून सांगत का नाही?"

"एकडाव थांबवलं होतं." आता मात्र आई हसल्या.

नवीन लग्न झालं होतं. आई माहेरी निघाल्या होत्या, महागावच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून पुढे चालत जायचं. गाडीत पाय ठेवायला जागा नाही आणि ड्युटीवर आबाच. आबांनी ओळख दाखवली नाही. ड्युटी म्हणजे ड्युटी! सगळ्यांना म्हणावं तसं आपल्या नव्या नवरीलाही म्हणाले, "बाई, पुढे सरका." आई सरकल्या. पुढे सरकता सरकता पार ड्रायव्हरजवळ पोचल्या. फाटा आला. आबा मागच्या सीटवर तिकिटं फाडत होते आणि गाडी काही थांबेना. नवऱ्याला हाक कशी मारायची? मग आईंनी हात वर केला आणि दोरी ओढली. टिंग. एकच. गाडी थांबली!

आणि मागून आबांचा आवाज आला, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा. "कोनं मारली बेल? दोरीले हात नाई लावाचा बाई!"

सगळी गाडी हसली. आई लाजून लाल झाल्या आणि उतरून माहेरापर्यंत डोक्यावरचा पदर न सरकवता चालत गेल्या.

"तवापासून म्या यायले कवाच थांबवलं नाई." आईंनी पोळी तव्यावर टाकली. "आता वय झालं. आता बेटच थांबवन."

*

शेवटी अंदमानातलं एक बेट सापडलं. इतकं लहान, की अर्चना मॅडमनाच संकोच वाटत होता. "काकू, तिथं पाहायला फार काही नाही हो. सायकलवर तासाभरात बेट संपतं." आईंचा चेहरा असा उजळला की मॅडमनी लगेच तारखा विचारल्या. पासपोर्टही नको! विमान, हॉटेल, सगळं ठरत आलं.

आणि श्रुतीनं कौतुकानं आबांना मोबाइलवर नकाशा दाखवला.

"रस्ता कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"रस्ता नाही आबा, हे सगळं पाणी. बघा ना, किती निळं!"

"म्हनजे मधातच कोनाले निघाचं असन तं?"

"नाही निघता येत!" श्रुती आनंदानं म्हणाली.

आबा नकाशाकडे बघत राहिले. मग मोबाइल परत दिला. "तुम्ही जा. मी नाई येत."

झालं! प्रमोदनं समजावलं, छायाताईंनी फोनवर रडून पाहिलं. आबांचं एकच. परतीची गाडी नाही तिथं माणसानं जाऊ नये. चार दिवस असेच गेले. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती फिरायची, उगाच कपाटं आवरायची. पाचव्या दिवशी मी पाहिलं, आईंनी प्रवासासाठी आणलेल्या दोन सुती साड्या घडी घालून पुन्हा कपाटात तळाशी ठेवल्या होत्या. त्या दिवशी मला आबांचा खरंच राग आला. एवढं काय मागितलं होतं या बाईनं?

त्याच दुपारी अर्चना मॅडमचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, नाही म्हणून सांगायला. मला तोंड उघडू न देता त्यांनी सुरू केलं. "मॅडम, एक चांगली बातमी आहे. त्या बेटावर रोज तीन फेरी आहेत बरं का. सकाळी, दुपारी आणि एक चारच्या सुमारास."

आबा दारात होते. त्यांचे कान टवकारले. एसटीत गाडीच्या एका खेपेला फेरी म्हणतात. त्यांनी आयुष्यभर फेऱ्याच मोजल्या होत्या.

"किती फेऱ्या म्हनल्या?"

"तीन, काका."

"रद्द तं होत नाई न?"

"हवामान फारच खराब असेल तर होते कधी कधी."

"ते तं इथंही होते. अन् चारची कुठं जाते मंग? मुक्कामी असते का?"

"हो काका, त्या दिवशीची शेवटची. तिथंच थांबते, सकाळी निघते."

"मुक्कामी फेरी हाय!" आबा आमच्याकडे वळले. आम्हीच इतके दिवस माहिती लपवून ठेवल्यासारखे. "मंग हे पयले नाई सांगाचं का? उगाच चार दिवस घालवले. माही बॅग कुठं हाय?"

मी सांगणार होते. शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं होतं, की आबा, फेरी म्हणजे तिथं बोट असते. तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पायावर आईंचा पाय पडला, चांगला जोरात!

*

विमानात आबा बसले, पट्टा लावला म्हणून. पट्टा सोडायची खूण दिसली तसे उठले आणि मधल्या वाटेनं शेवटपर्यंत जाऊन आले, दर सीटवर बोट ठेवत. एअर होस्टेस मागे धावली.

"सर, प्लीज, बसून घ्या."

"एक कमी हाय." आबा म्हणाले.

"सर?"

"तुमच्या कागदावर किती लिवलेत ते पाहा. एक पॅसेंजर कमी भरून राह्यला."

तेवढ्यात मागचं दार उघडून एक गृहस्थ टॉयलेटमधून बाहेर आले. आबांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि जागेवर येऊन उभे राहिले.

*

धक्क्यावर पोचलो तेव्हा आबा चारी दिशांना बघत होते. "गाडी कुठं लागते?"

समोर पांढरी बोट उभी होती. तिचा भोंगा वाजला. श्रुतीनं बोट दाखवलं. "ही काय आबा, फेरी!"

आबांनी बोटीकडे पाहिलं. मग सावकाश आईंकडे पाहिलं. आई मात्र समुद्र बघण्यात एवढ्या गुंतल्या होत्या, की त्यांना काही ऐकूच आलं नाही! हा माणूस इथून मागे फिरतो का काय?

पण बोटीच्या दारात ही गर्दी! बंगाली, तमिळ, दोन गोरे, भाजीच्या पाट्या, आणि आतली माणसं बाहेर पडायच्या आत बाहेरची आत घुसतायत. आबांना ते बघवेना. ते पुढे झाले, दाराशी उभे राहिले आणि त्यांनी आवाज लावला.

"उतरनाऱ्यायले उतरू द्या पयले! हां, आता या. पुढे सरका, पुढे सरका, मधात पुरी जागा हाय!"

एकालाही मराठी येत नसावी. सगळे पुढे सरकले! गोरेसुद्धा!

*

पण बेटावर आबा थांबले नाहीत. पहिल्या सकाळी उठून सगळं बेट चालून आले आणि नाश्त्याला म्हणाले, "झालं पाहून." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धक्का गाठला. सकाळची फेरी, दुपारची फेरी, चारची फेरी. चौथ्या दिवशी आमच्या हॉटेलचा मॅनेजर त्यांनाच विचारत होता, "अंकल, आज बोट लेट है क्या?"

आई रोज साडेचारला शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा आणि चमचा घेऊन किनाऱ्यावर जायच्या. डब्यात शेव मिसळलेली असायची, म्हणून चमचा. तिथं लाटांनी आणून टाकलेला एक मोठा ओंडका होता. त्यावर बसायच्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून. सूर्य बुडायचा. मग धक्क्यावरून आबा यायचे आणि म्हणायचे, "चारची अर्धा घंटा लेट होती."

असे सहा दिवस गेले. मला रडू यायचं. समुद्र एवढा समोर पसरलेला आणि माझंच मन कुठं थाऱ्यावर नव्हतं. आई जागा मात्र रोज सोडायच्या.

सातव्या दिवशी वारा सुटला. समुद्र खवळला, बोटी बंद. तिन्ही फेऱ्या रद्द! आबा दिवसभर हॉटेलच्या व्हरांड्यात येरझारा घालत होते. संध्याकाळी आभाळ पश्चिमेला मोकळं झालं आणि आबा, दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे, आमच्यासोबत किनाऱ्यावर आले. ओंडक्यावर त्या सोडलेल्या जागेवर बसले. मी, प्रमोद आणि श्रुती खाली वाळूत. सूर्य पाण्यापासून हातभर वर होता.

मी वेळ लावली नव्हती, पण अकरा मिनिटं झाली असावीत.

डब्याच्या झाकणावर अंगठी वाजली. टिंग टिंग!

आम्ही तिघंही उठलो. वाळू झटकली. सवय! आबा आमच्यापुढे दोन पावलं निघालेसुद्धा.

आई उठल्या नाहीत. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, चमचा उचलला आणि डब्यावर मारला. एकदाच.

टिंग.

आबा होते तिथं थांबले. मागे न वळता त्यांनी विचारलं, "कोनं मारली बेल?"

"म्या." आई म्हणाल्या.

मग आबा परत आले, आईंच्या शेजारी ओंडक्यावर टेकले आणि सूर्याच्या आड उभ्या असलेल्या आम्हा तिघांना हात हलवून म्हणाले,

"तुम्ही पुढे सरका."